फौज कोणाची, कायदा कोणाचा

सैनिक हा नागरिक असतोच, त्यामुळे देशाचा सर्वसाधारण फौजदारी कायदा त्याला लागू असतो. त्याखेरीज एक दुसरा कायदा त्याच्या पाठीमागे जन्मभर नव्हे, पण नोकरीभर लागलेला असतो. साखर कारखान्याचा रखवालदार रात्री झोपी गेला तर फार तर नोकरी जाते. सीमेवरच्या मोहिमेतला पहारेकरी झोपला तर 1950 च्या सेना कायद्याप्रमाणे त्याला 14 वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो, आणि तो खटला जिल्हा न्यायालयात नव्हे, अधिकाऱ्यांच्या कोर्ट मार्शलपुढे चालतो. हुकूम न मानणे, रजा संपल्यावर न परतणे, वरिष्ठावर हात उगारणे हे बाहेरच्या जगात एकतर गुन्हेच नाहीत किंवा किरकोळ आहेत. फौजेत ते मोठे गुन्हे ठरतात. लष्करी न्याय तो हाच.

हा कायदा कोणी करायचा, याचे उत्तर भारतात आज सरळ आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत संरक्षण आणि सेना हे विषय केंद्राच्या यादीत आहेत, म्हणून महाराष्ट्राला किंवा अन्य कुठल्या राज्याला स्वतःचा लष्करी कायदा नाही. अमेरिकेत तसे नाही. तिथे नॅशनल गार्डचे जवान राज्याच्या कामावर असतात तेव्हा राज्याची स्वतःची लष्करी संहिता चालते, आणि ती केंद्रीय संहितेशी जुळती ठेवण्यासाठी राज्यांची विधिमंडळे वेळोवेळी दुरुस्त्या करत राहतात. भारतालाही ही डोकेदुखी एके काळी होती. संस्थानांच्या फौजा, त्यांचे वेगळे हुकूम, वेगळे कायदे. ती कशी संपली हे पाहायला धाराशिव जिल्ह्याइतकी सोयीची जागा दुसरी नाही, कारण या जिल्ह्याचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास बराचसा फौजेच्या पगाराचा आणि फौजेच्या ताब्याचा आहे.

सुरुवात पगारापासूनच झाली. हैदराबादच्या निजामाच्या खर्चाने, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली एक कवायती फौज एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी उभी राहिली. पुढे तिला हैदराबाद कंटिन्जंट हे नाव रूढ झाले. पगार निजामाने द्यायचा आणि शिस्त इंग्रजांनी लावायची, अशी ही वाटणी. पगार थकत गेला, कर्ज वाढत गेले, आणि 1853 च्या तहाने निजामाला वऱ्हाड, रायचूर दोआब आणि धाराशिवचा मुलूख फौजेच्या खर्चापोटी ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराखाली सोपवावा लागला. तहात फौजेचा आकडाही ठरला: किमान 5,000 पायदळ, 2,000 घोडदळ आणि चार तोफखाने. त्याच तहाने ही फौज निजामाच्या सैन्याचा भाग राहिली नाही. ती निजामासाठी ठेवलेली इंग्रजांची साहाय्यक फौज झाली.

म्हणजे तुळजापूर, नळदुर्ग, परांड्याच्या शेतकऱ्याने भरलेल्या शेतसाऱ्यातून ज्या शिपायाला पगार मिळत होता, त्या शिपायाला शिक्षा करण्याचा अधिकार मात्र बोलारमला बसलेल्या इंग्रज ब्रिगेडियरकडे होता. नळदुर्ग भागाचा मुलकी कारभार 1853 ते 1857 या काळात कॅप्टन फिलिप मेडोज टेलर पाहत होता. ठगांवरच्या कादंबरीमुळे तो विलायतेत आधीच गाजलेला होता आणि त्याची स्वतःची नोकरीही निजामाच्याच फौजेत सुरू झालेली होती. 1857 च्या उठावात निजाम इंग्रजांच्या बाजूने राहिला, त्याची बक्षिसी म्हणून 1860 च्या तहात धाराशिव आणि रायचूर परत मिळाले आणि 50 लाखांचे कर्ज माफ झाले. वऱ्हाड मात्र सुटले नाही. कंटिन्जंट पुढे 1903 मध्ये लॉर्ड किचनरच्या पुनर्रचनेत हिंदी सैन्यात विरघळली. तिच्या पायदळ पलटणींची 1922 मध्ये 19वी हैदराबाद रेजिमेंट झाली आणि 1945 मध्ये त्याच रेजिमेंटचे नाव कुमाऊँ रेजिमेंट पडले. धाराशिवच्या साऱ्यावर पोसलेल्या फौजेचे आजचे वारस असे हिमालयाच्या पायथ्याशी सापडतात.

हिंदी सैन्याचा कायदा या काळात हळूहळू एकत्र होत होता. बंगाल, मद्रास आणि मुंबई या तीन इलाख्यांची सैन्ये वेगळी होती. कंपनीच्या काळात तर शिक्षेबद्दल एकवाक्यताही नव्हती. लॉर्ड बेंटिंकने 1835 मध्ये देशी शिपायांची फटक्यांची शिक्षा बंद केली आणि हार्डिंजने 1845 मध्ये ती परत आणली, यावरून धोरण किती डळमळीत होते ते कळते. 1869 मध्ये हिंदी सैन्याचे युद्धनियम एका कायद्यात आले, 1895 मध्ये तिन्ही इलाख्यांची सैन्ये एक झाली, आणि 1911 मध्ये भारतीय सेना कायदा झाला. आजच्या कायद्याचा सांगाडा बहुतांशी या 1911 च्या कायद्याचाच आहे. 1945 च्या अखेरीस लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या शाहनवाज खान, प्रेमकुमार सहगल आणि गुरुबक्षसिंग धिल्लाँ या तीन अधिकाऱ्यांवर चाललेला खटलाही याच कायद्याखालचा होता. भुलाभाई देसाईंनी बचाव केला. कोर्ट मार्शलने जन्मठेप काळ्या पाण्याची आणि बडतर्फी ठोठावली, आणि सरसेनापती ऑकिनलेक यांनी जानेवारी 1946 मध्ये काळे पाणी रद्द करून फक्त बडतर्फी कायम ठेवली. कोर्ट मार्शलने निकाल दिला म्हणजे शिक्षा झाली असे नाही, वरिष्ठाने तो कायम केल्याशिवाय त्याला किंमत नाही, हा या न्यायाचा मूळ स्वभाव त्या प्रकरणात देशभर लोकांना दिसला.

संस्थानांच्या स्वतःच्या फौजा या कायद्याच्या बाहेर होत्या. 1889 पासून अनेक संस्थानांनी साम्राज्याच्या मदतीसाठी इम्पीरियल सर्व्हिस ट्रूप्स या नावाने वेगळ्या पलटणी राखल्या. हैदराबाद लान्सर्स त्यांतलेच. पहिल्या महायुद्धात जोधपूर आणि म्हैसूरच्या घोडदळांबरोबर ते पॅलेस्टाइनच्या आघाडीवर होते. दिल्लीच्या तीनमूर्ती चौकातल्या तीन पुतळ्यांपैकी एक हैदराबादचा आहे तो यामुळे. ही माणसे परदेशी लढायला गेली की त्यांच्यावर हुकूम कोणाचा, हा पेच अनेक संस्थानांशी झालेल्या करारांतून सोडवला गेला. संस्थानाने आपल्या लष्करी कायद्यात हिंदी सैन्याच्या कायद्यातल्या तरतुदी योग्य त्या फरकाने घालून घ्यायच्या, आणि फौज हद्दीबाहेर असताना तो कायदा चालवण्याचा अधिकार संस्थानिकाने इंग्रज सेनापतीला द्यायचा. नाव संस्थानिकाचे, मजकूर हिंदुस्थान सरकारचा. संस्थानाचा लष्करी कायदा अद्ययावत करण्याची ही आपल्याकडची पहिली रीत म्हणता येईल, आणि ती चातुर्याची होती. सार्वभौमत्वाचा मान राहिला आणि शिस्तही एकसारखी झाली.

15 ऑगस्ट 1947 नंतर हा मानपानाचा प्रश्न राहिला नाही. संस्थानांनी सह्या केलेल्या सामीलनाम्याच्या अनुसूचीत संरक्षण या शीर्षकाखाली पहिलेच कलम फौजांचे होते. भारताच्या सैन्याला जोडलेल्या किंवा त्याच्याबरोबर कारवाई करणाऱ्या संस्थानी फौजांसाठी कायदा करण्याचा अधिकार त्याने भारताच्या विधिमंडळाला मिळाला. हैदराबादने ही सही केली नाही. त्याने 29 नोव्हेंबर 1947 रोजी फक्त जैसे थे करार केला. धाराशिवच्या, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात त्यानंतरचे जवळजवळ दहा महिने शस्त्र हाती घेतलेली निदान तीन प्रकारची माणसे वावरत होती. एक, जनरल सय्यद अहमद अल इद्रूस यांच्या हाताखालची निजामाची नियमित फौज, जिला स्वतःची शिस्त आणि अधिकारी होते. दुसरे, कासीम रझवी यांचे रझाकार. रझवी हे लातूरचे वकील, आणि लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. वेगळा लातूर जिल्हा 1982 मध्ये झाला. रझाकारांच्या अंगावर गणवेश होता, हातात बंदुका होत्या, पण त्यांच्या गुन्ह्याबद्दल त्यांना उभे करील असे कोर्ट मार्शल नव्हते. तिसरे, सोलापूर-बार्शीच्या बाजूने सीमेवर उभ्या राहिलेल्या कॅम्पांमधले स्वातंत्र्यसैनिक, ज्यांची शिस्त ही त्यांच्या नेत्यांवरच्या निष्ठेपुरती होती. गणवेश म्हणजे फौज नव्हे. ज्याच्या गैरवर्तनाला कोणीतरी अधिकृतपणे जबाबदार आहे ती फौज, ही व्याख्या मराठवाड्याच्या खेड्यांनी पुस्तकातून नव्हे, अनुभवातून शिकली.

13 सप्टेंबर 1948 रोजी पहाटे हैदराबादवरच्या कारवाईसाठी सोलापूरहून निघालेले भारतीय सैन्य नळदुर्गला पोहोचले. बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती लागला आणि 2 शीख पलटणीने नळदुर्गची ठाणी घेतली. दुसरी तुकडी तुळजापूरवर गेली. तिच्यात 3/2 पंजाब आणि 2/1 गुरखा रायफल्सबरोबर 1 मेवाड इन्फंट्री होती. तुळजापूरला 1 हैदराबाद इन्फंट्रीच्या एका तुकडीने आणि सुमारे 200 रझाकारांनी दोन तास प्रतिकार केला.

मेवाड इन्फंट्री हे नाव या यादीत उगाच आलेले नाही. उदयपूर संस्थान एप्रिल 1948 मध्येच संयुक्त राजस्थानात मिसळले होते, तरी पलटण जुन्या नावाने लढत होती. भवानीच्या गावात त्या सकाळी समोरासमोर आलेल्या मेवाड आणि हैदराबादच्या दोन्ही पलटणी संस्थानी होत्या. एका पलटणीच्या संस्थानाने सामीलनाम्यावर सही केली होती आणि दुसरीच्या संस्थानाने केली नव्हती, एवढाच कायदेशीर फरक. त्या सहीमुळे मेवाडचा शिपाई भारताच्या कायद्याच्या कक्षेत होता, हैदराबादचा नव्हता.

या कारवाईला सरकारी भाषेत पोलिस ॲक्शन म्हटले गेले आणि मराठवाड्यात आजही म्हातारी माणसे तोच शब्द वापरतात. राजकारणाला तो शब्द सोयीचा होता. सैनिकाचा कायदा मात्र कारवाईच्या नावाकडे पाहत नाही. सेना कायद्यातली शत्रूची व्याख्या परकीय राष्ट्रापुरती नाही. सशस्त्र बंडखोर, सशस्त्र दंगलखोर, आणि ज्याच्याविरुद्ध कारवाई करणे सैनिकाचे कर्तव्य आहे असा कोणीही हत्यारबंद माणूस तिच्यात बसतो. अशा शत्रूविरुद्धची मोहीम ही प्रत्यक्ष युद्धसेवा ठरते, आणि युद्धसेवेत त्याच गुन्ह्याची शिक्षा कितीतरी वाढते. पळून जाणाऱ्या सैनिकाला शांततेत सात वर्षांपर्यंत कैद, तर युद्धसेवेत देहदंडापर्यंत.

18 सप्टेंबरला अल इद्रूस यांनी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करली आणि चौधरी लष्करी गव्हर्नर झाले. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. गव्हर्नर लष्करी होते, तरी त्यांनी नेमलेली न्यायालये लष्करी नव्हती. 1358 फसलीच्या एका विनियमाने त्यांनी विशेष न्यायाधिकरणे स्थापन केली आणि मुलकी गुन्ह्यांचे खटले त्यांच्याकडे सोपवले. बीबीनगरच्या जानेवारी 1948 मधल्या दरोड्याबद्दल रझवी यांच्यावर खटला चालला तो अशाच न्यायाधिकरणापुढे, आणि त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. खटला चालू असतानाच राज्यघटना अमलात आली, त्यामुळे वेगळी कार्यपद्धती समानतेच्या हक्काला धरून आहे का, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 1953 मध्ये पाचपैकी तीन न्यायाधीशांनी शिक्षा कायम केली.

फौजेचा प्रश्न घटनेने वेगळ्या कलमाने सोडवला. हैदराबाद हे घटनेच्या भाग ब मधले, म्हणजे जुन्या संस्थानांच्या वर्गातले, राज्य झाले. कोल्हापूर आणि बडोदा 1949 मध्येच मुंबई प्रांतात विलीन झाली होती, त्यामुळे त्यांच्यापुढे हा प्रश्न नव्हता. अनुच्छेद 259 ने भाग ब मधल्या राज्यांना, संसद दुसरा कायदा करीपर्यंत, असलेली फौज ठेवू दिली. पण त्याच दमात असेही म्हटले की ही फौज संघराज्याच्या सेनेचाच भाग असेल आणि राष्ट्रपतींचे आदेश तिला लागू राहतील. म्हणजे राज्याकडे खर्च आणि नाव, केंद्राकडे हुकूम. 1853 च्या तहाची आठवण यावी अशीच ही मांडणी, फक्त यावेळी तात्पुरती आणि उलट हेतूची. बऱ्याच संस्थानी पलटणी मोडल्या गेल्या आणि निवडक पलटणी भारतीय सैन्यात घेतल्या गेल्या. मराठा लाइट इन्फंट्रीच्या 19, 20 आणि 22 या पलटणींच्या नावांपुढे कोल्हापूर, बडोदा आणि हैदराबाद ही नावे आजही लागतात, ती या विलीनीकरणाची खूण. 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला त्याच वेळी सातव्या घटनादुरुस्तीने भाग ब आणि अनुच्छेद 259 दोन्ही पुसले गेले. संस्थानाच्या लष्करी कायद्याचा शेवटचा धागा तिथे तुटला.

दरम्यान 20 मे 1950 रोजी नव्या सेना कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि 22 जुलैपासून तो लागू झाला. योगायोग असा की अमेरिकेत तिन्ही दलांसाठीच्या एकत्रित लष्करी संहितेवर त्याच महिन्यात, 5 मे रोजी, ट्रूमन यांची सही झाली. भारताने एकत्रीकरणाची वाट धरली नाही. हवाई दलाला 1950 चाच पण वेगळा कायदा, नौदलाला 1957 चा. नवा म्हटला तरी सेना कायदा मुख्यतः 1911 च्या कायद्यावर घटनेचा मुलामा होता. घटनेच्या अनुच्छेद 33 ने सैनिकांचे मूलभूत हक्क मर्यादित करण्याचा अधिकार संसदेला दिलेला असल्याने फार बदल करण्याची निकडही कोणाला वाटली नाही.

त्या कायद्यातली कोर्ट मार्शलची रचना आजही तशीच आहे. जनरल कोर्ट मार्शलला किमान पाच अधिकारी लागतात, आणि फाशी द्यायची तर दोनतृतीयांश सदस्यांचे एकमत. डिस्ट्रिक्ट कोर्ट मार्शलमध्ये तीन अधिकारी आणि दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा अधिकार. मोहिमेवर घाईने भरवायचे समरी जनरल कोर्ट मार्शल, आणि चौथे समरी कोर्ट मार्शल, ज्यात पलटणीचा कमांडिंग ऑफिसर एकटाच न्यायाधीश असतो. दोन जण शेजारी बसतात, पण त्यांना मत नसते. कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल असेल तर एक वर्षापर्यंत कैद देऊ शकतो, आणि या निकालाला वरून मंजुरीही लागत नाही. साध्या जवानाचा संबंध बहुधा या चौथ्या प्रकाराशी येतो.

समजा, नवरात्रात तुळजापूरला आलेला जवान रजा संपल्यावरही घरी थांबला. हा रजेशिवाय गैरहजेरीचा गुन्हा, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. पलटणीकडून स्थानिक पोलिसांना त्याला पकडण्याबद्दल कळवले जाते. तीस दिवस उलटले की चौकशी न्यायालय बसते आणि गैरहजेरीची नोंद होते. परत जायचेच नाही असा इरादा सिद्ध झाला तर गुन्हा बदलतो, तो पळपुटेपणा ठरतो. एकाच वागणुकीला दोन नावे, आणि दोन नावांमध्ये आयुष्याचा फरक. जवानाने एखाद्या नागरिकाचा खून केला तर मात्र प्रकरण जिल्ह्याच्या सत्र न्यायालयाकडे जाते. युद्धसेवा, परदेश आणि सरकारने जाहीर केलेली सीमावर्ती ठाणी हे अपवाद सोडले तर कोर्ट मार्शलला तो अधिकार नाही.

या न्यायाची खरी उणीव अपिलाची होती. शिक्षा झालेल्या सैनिकाला वरिष्ठांकडे आणि मग केंद्र सरकारकडे अर्ज करता येई, पण ते अर्जच होते. न्यायाधीशापुढची सुनावणी नव्हती. घटनेनेही सर्वोच्च न्यायालयाच्या विशेष अपिलातून लष्करी न्यायालयांना वगळले होते. ज्या ब्रिटनकडून हा साचा घेतला त्याने 1951 मध्येच कोर्ट मार्शलविरुद्धच्या अपील न्यायालयाचा कायदा केला होता. 1982 मध्ये पृथीपालसिंग बेदी यांच्या प्रकरणात न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांनी ही त्रुटी स्पष्ट बोलून दाखवली. पाच वर्षांनी रणजित ठाकूर प्रकरण आले. ठाकूर हे सिग्नल्समधले जवान, आधीच 28 दिवसांची शिक्षा भोगत होते. जेवणाचा हुकूम दिला, ते जेवले नाहीत. एवढ्यावरून समरी कोर्ट मार्शलने एक वर्ष सक्तमजुरी दिली, आणि ज्या अधिकाऱ्याविरुद्ध त्यांची तक्रार होती तोच त्या न्यायपीठावर होता. सर्वोच्च न्यायालयाने निकाल रद्द केला. शिक्षा गुन्ह्याच्या मानाने अवाजवी असेल तर न्यायालय हस्तक्षेप करील, हे तत्त्व भारतीय कायद्यात रुजवण्यात या प्रकरणाचा मोठा वाटा आहे. खटला सुरू होण्यापूर्वी कोठडीत काढलेले दिवस शिक्षेतून वजा करण्याची सोयही सैनिकाला 1992 च्या दुरुस्तीनेच मिळाली. विधी आयोगाने 1999 च्या 169व्या अहवालात तिन्ही दलांच्या कायद्यांतल्या बदलांचा विचार केला.

2007 मध्ये सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा कायदा झाला आणि ऑगस्ट 2009 मध्ये ते सुरू झाले. एक न्यायाधीश सदस्य आणि एक माजी लष्करी अधिकारी मिळून अपील ऐकतात. महाराष्ट्रासाठी त्याचे पीठ मुंबईत आहे. समरी कोर्ट मार्शलची किरकोळ प्रकरणे त्यात बसत नाहीत. बडतर्फी किंवा तीन महिन्यांहून जास्त कैद असली तरच दार उघडते. न्यायाधिकरणाच्या निकालानंतर उच्च न्यायालयात जाता येते का, यावर काही वर्षे घोळ होता. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वाट अरुंद केली आणि मार्च 2023 मध्ये पुन्हा मोकळी केली.

बाहेरचा कायदा बदलतो तसे आणखी बदल झिरपत राहतात. व्यभिचार हा गुन्हा 2018 मध्ये रद्द झाला, पण त्या निकालामुळे सैनिकांवरच्या शिस्तभंगाच्या कारवाईला बाधा येत नाही, हे जानेवारी 2023 मध्ये न्यायालयाला वेगळे सांगावे लागले. 1 जुलै 2024 पासून दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली, त्यामुळे कोर्ट मार्शलपुढे मुलकी गुन्ह्याचे आरोपपत्र आता नव्या कलमांनी लिहावे लागते. 10 मे 2024 पासून अमलात आलेल्या आंतरसेवा संघटना कायद्याने एका संयुक्त तळाच्या प्रमुखाला तिन्ही दलांच्या माणसांवर शिस्तीची कारवाई करता येते. मात्र प्रत्येकाला लागू होणारा कायदा त्याच्या दलाचाच राहतो. भूदलाचा 1950 चा, हवाई दलाचा 1950 चा आणि नौदलाचा 1957 चा कायदा आजही वेगवेगळेच आहेत, आणि समरी कोर्ट मार्शल भूदलात अजूनही भरते.